जहाजावरचा पांढरा घुमट

मार्च २०२४ मध्ये अरबी समुद्रात एक मोठी घटना घडली. 'रुएन' नावाचे एक मालवाहू जहाज सोमालियाच्या चाच्यांनी तीन महिन्यांपूर्वी पळवून नेले होते. चाचे म्हणजे समुद्रावरचे लुटारू. जहाजावरचे १७ खलाशी त्यांच्या कैदेत होते. भारतीय नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता' या युद्धनौकेने या जहाजाला गाठले. ते ठिकाण भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर दूर होते. कारवाई ४० तास चालली. मदतीला दुसरी नौका धावून आली. वरून टेहळणीची विमाने नजर ठेवून होती. हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे कमांडो पॅराशूटच्या साहाय्याने समुद्रात उतरले. अखेर १६ मार्चला ३५ चाचे शरण आले आणि सतराही खलाशी सुखरूप सुटले. पुढे त्या चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. ज्या 'कोलकाता'ने हे काम केले, ती युद्धनौकाही मुंबईच्या माझगाव गोदीतच बांधलेली आहे.

आता थोडा विचार करा. असे काम एकटी नौका करू शकेल का? नौका, विमाने, मुंबईतले नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आणि दिल्लीतले अधिकारी या सर्वांना एकमेकांशी बोलता आले पाहिजे. बोलणे वेळेवर झाले पाहिजे आणि ते शत्रूला कळताही कामा नये. भर समुद्रात तारा नाहीत, खांब नाहीत, मोबाइलचे मनोरे नाहीत. मग हे बोलणे होते कसे? ज्या यंत्रावर इतक्या माणसांचे प्राण अवलंबून असतात, ते यंत्र नौदल निवडते तरी कसे? या पाठात आपण हेच समजून घेऊ या.

पूर्वी जहाजे एकमेकांना झेंड्यांनी खुणा करीत. रात्री दिव्याची उघडझाप करून संदेश देत. पण हे सारे नजरेच्या टप्प्यातच शक्य होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिनतारी यंत्र आले. रेडिओच्या काही लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परत फिरतात आणि दूरवर पोहोचतात. या लहरींवर जहाजे हजारो किलोमीटरवरून बोलू लागली. परंतु हा आकाशातला थर दिवसा वेगळा असतो, रात्री वेगळा. सूर्यावर वादळ झाले की तो बिघडतो. त्यामुळे कधी आवाज स्पष्ट येई, तर कधी नुसती खरखर ऐकू येई. नकाशे आणि छायाचित्रे पाठवणे तर फारच कठीण होते.

उपग्रह आल्यावर ही अडचण पुष्कळ दूर झाली. संदेशवहनाचे अनेक उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी स्वतःभोवती जितक्या वेळात फिरते, तितक्याच वेळात तेही पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतात. म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्याला ते एकाच जागी स्थिर वाटतात. जहाजाने संदेश वर पाठवायचा, उपग्रहाने तो पुन्हा खाली पाठवायचा. या जाण्यायेण्यात लहरींना सुमारे ७२,००० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. लहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे एका संदेशाला साधारण पाव सेकंद लागतो. समोरच्याचे उत्तर यायला आणखी पाव सेकंद. एवढा अर्धा सेकंद सोडला, तर मुंबईतला अधिकारी आणि एडनच्या आखातातला कप्तान जणू समोरासमोर बसून बोलतात.

उपग्रह आकाशात स्थिर दिसतो हे खरे, पण जहाज कुठे स्थिर असते? ते पुढे-मागे झुलते, डावी-उजवीकडे कलते, वर-खाली होते, शिवाय वळतेही. तुम्ही कधी एसटीच्या गाडीत उभे राहून काठोकाठ भरलेला पेला हातात धरला आहे का? गाडी खड्ड्यातून गेली की तुमचे मनगट आपोआप वळते आणि पाणी सांडत नाही. जहाजावरच्या अँटेनाला हेच काम रात्रंदिवस करावे लागते. अँटेनाखाली मोटारी बसवलेल्या असतात. जहाज किती कलले हे जायरोस्कोप नावाचे यंत्र क्षणोक्षणी सांगते आणि मोटारी अँटेनाला उलट दिशेने तितकेच वळवतात. एका अंशाच्या लहानशा भागाइतकी चूक झाली, तरी संपर्क तुटू शकतो. या नाजूक यंत्राला वारा आणि खारे पाणी लागू नये म्हणून त्यावर एक गोल आवरण घालतात. त्यातून रेडिओ लहरी आरपार जातात. मोठ्या जहाजाच्या डोलकाठीजवळ जो पांढरा किंवा राखाडी घुमट दिसतो, तो बहुधा हाच. पुष्कळ जहाजांवर असे दोन घुमट असतात. जहाज वळल्यावर एका अँटेनाच्या आड डोलकाठी आली, तर दुसरी अँटेना काम चालू ठेवते.

उपग्रहाशी बोलण्यासाठी लहरींचे वेगवेगळे पट्टे वापरतात. यूएचएफ पट्ट्याच्या लहरी लांब असतात. त्यांना अगदी अचूक नेम लागत नाही आणि पावसाचीही फारशी पर्वा नसते, पण त्यांच्यातून थोडीच माहिती जाते. केयू पट्ट्यातून चित्रे आणि पुष्कळ माहिती वेगाने जाते, मात्र नेम अचूक लागतो आणि मुसळधार पावसात त्या लहरी क्षीण होतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा जून-जुलैचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून युद्धनौकेला एकाच पट्ट्यावर विसंबून चालत नाही.

आता तुम्ही विचाराल, "असे संच बाजारात मिळत नाहीत का?" मिळतात. व्यापारी जहाजांवर आणि तेलवाहू जहाजांवर उपग्रहाचे संच कित्येक वर्षांपासून आहेत. आपल्या रत्नागिरी-रायगडकडचे अनेक खलाशी त्यांच्यावरून घरी बोलतात. पण युद्धनौकेची गरज वेगळी असते. तिच्यावर तोफा सुटतात, क्षेपणास्त्रे उडतात, जवळपास स्फोट झाला तर सारे जहाज हादरते. शत्रू मुद्दाम गोंगाट करून संदेश अडवू पाहतो. तो चोरून ऐकण्याचाही प्रयत्न करतो, म्हणून प्रत्येक शब्द सांकेतिक रूपात पाठवावा लागतो. शिवाय शांततेच्या काळात मिळणारी परदेशी सेवा युद्धाच्या वेळी मिळेलच, याची हमी कोण देणार? म्हणून नौदलाला स्वतःच्या गरजेप्रमाणे संच घ्यावे लागतात.

ही खरेदी कशी होते ते पाहा. आपल्या देशात सैन्यदलांच्या मोठ्या खरेदीसाठी २००२ सालापासून एक लेखी पद्धत ठरवलेली आहे. तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. २०२० साली ती नव्या रूपात लागू झाली.

पहिली पायरी म्हणजे गरज लिहून काढणे. हे सोपे वाटते, पण सर्वांत कठीण काम हेच आहे. 'संच मजबूत असावा, मोठ्या लाटांतही चालावा' असे लिहून भागत नाही. जहाज किती अंश कलले तरी चालावा? किती उष्णतेत? संपर्क तुटला तर किती सेकंदांत पुन्हा जुळावा? सारे आकड्यांत लिहावे लागते. शब्द सैल राहिला तर विकणारा म्हणेल, "आमचा संच मजबूतच आहे." त्यावर उत्तर नसते. उलट गरज इतकीही बांधून लिहू नये की ती एकाच कंपनीच्या मालाला लागू पडेल. तसे झाले तर स्पर्धा उरत नाही आणि किंमत वाढते.

दुसरी पायरी मंजुरीची. मोठ्या खरेदीला संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील परिषद मान्यता देते. ही वस्तू खरोखर हवी आहे का, किती हवी, देशात तयार होऊ शकेल का, याचा विचार तेथे होतो. २०२० च्या पद्धतीत पहिला मान भारतातच आराखडा केलेल्या आणि निदान निम्मा भाग देशी असलेल्या वस्तूला देण्यात आला. याला अभिमानाबरोबर व्यवहाराचेही कारण आहे. आतली रचना आपल्याला ठाऊक असेल, तर दुरुस्ती आपण करू शकतो आणि सांकेतिक भाषेची किल्ली परक्याच्या हाती जात नाही.

तिसरी पायरी निविदांची. निविदा म्हणजे माल काय दराने आणि कोणत्या अटींवर देऊ, याचे लेखी निवेदन. विकणारे दोन लिफाफे देतात. एकात संचाची तांत्रिक माहिती, दुसऱ्यात दर. आधी पहिलाच लिफाफा उघडतात. दुसरा बंद ठेवतात. असे का? दर आधी कळला, तर स्वस्त वस्तूकडे मन ओढले जाते आणि तिच्यातले दोष लहान वाटू लागतात.

चौथी पायरी परीक्षेची. कागदावर पास झालेला संच प्रत्यक्ष तपासतात. विकणाऱ्याने तो स्वतःच्या खर्चाने आणायचा असतो आणि परीक्षा झाली म्हणून तो विकत घेण्याचे बंधन नौदलावर नसते. आपल्या तिन्ही सैन्यदलांसाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या परीक्षेचे 'जेएसएस ५५५५५' नावाचे एक प्रमाण आहे. त्यानुसार यंत्रावर खाऱ्या पाण्याचा फवारा मारतात, त्याला तापवतात, गारठवतात, दमट हवेत ठेवतात, थरथरवतात. त्याच्यावर बुरशी वाढते का, हेही पाहतात. पावसाळ्यात चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते ना? तशीच ती यंत्राच्या आतही धरू शकते. शेवटी संच समुद्रावर नेऊन तपासतात.

याशिवाय आणखी एक परीक्षा असते आणि ती विसरून चालत नाही. ती म्हणजे नव्या संचाची जहाजावरच्या इतर यंत्रांशी जमवणूक. ही परीक्षा का हवी, हे समजण्यासाठी आपण क्षणभर दक्षिण अटलांटिक महासागरात जाऊ या. १९८२ साली फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात युद्ध झाले. ४ मे रोजी 'शेफील्ड' या ब्रिटिश युद्धनौकेवर अर्जेंटिनाच्या विमानाने क्षेपणास्त्र सोडले. शत्रूच्या विमानाच्या रडारची चाहूल देणारे यंत्र 'शेफील्ड'वर होते. पण त्या वेळी नौकेवरून संदेश पाठवला जात होता. त्या लहरींनी हे चाहूल देणारे यंत्र जणू आंधळे केले होते, असे चौकशीत आढळले. त्या दिवशी इतरही चुका झाल्या होत्या, म्हणून सारा दोष एका यंत्रावर टाकता येणार नाही. पण २० नौसैनिक मरण पावले आणि सहा दिवसांनी ती नौकाही बुडाली. बोलणारे यंत्र चांगले होते, ऐकणारे यंत्रही चांगले होते. दोन्ही एकाच वेळी एकाच जहाजावर नीट चालतील याची खातरी मात्र नव्हती. चांगल्या वस्तू विकत घेतल्या की चांगले जहाज आपोआप तयार होत नाही, हा यातला धडा आहे.

परीक्षेत उतरलेल्यांचाच दराचा लिफाफा उघडतात. नापास झालेल्याचा दर कितीही कमी असो, तो लिफाफा उघडतही नाहीत. पास झालेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याच्याशी बोलणी होतात. करारात केवळ किंमत नसते. माल कधी द्यायचा, उशीर झाला तर किती दंड, सुटे भाग किती वर्षे पुरवायचे, नौसैनिकांना शिक्षण कोण देणार, हे सारे लिहिलेले असते. सुट्या भागांची अट फार महत्त्वाची आहे. युद्धनौका पंचवीस-तीस वर्षे सेवा करते आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रे मात्र दहा वर्षांतच जुनी होतात. भर समुद्रात एखादी मोटार जळाली, तर कप्तान कोणत्या दुकानात जाणार?

आणखी एक गोष्ट जमून यावी लागते. ती म्हणजे उपग्रह आणि संच यांची वेळ. अमेरिकेच्या नौदलाने 'मुओस' नावाची नवी उपग्रह-योजना आखली. तिचा पहिला उपग्रह फेब्रुवारी २०१२ मध्ये वर गेला. उपग्रह उत्तम होता, पण त्याच्याशी नव्या पद्धतीने बोलणारे रेडिओसंच वेळेवर तयार झाले नाहीत. उपग्रहाच्या क्षमतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वापराविना पडून आहे, असे तेथील सरकारी लेखापरीक्षकांना लिहावे लागले. विहीर खणली, पाणीही लागले, पण बादली आणि दोर विकत घ्यायचे राहून गेले, असा हा प्रकार झाला.

आपल्या नौदलासाठीचा 'जीसॅट-७' हा उपग्रह ३० ऑगस्ट २०१३ रोजी सोडण्यात आला. त्याला 'रुक्मिणी' असेही म्हणतात. त्याचे वजन अडीच टनांहून अधिक होते आणि तो दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथून युरोपच्या अग्निबाणाने वर गेला. पुढच्याच वर्षी नौदलाच्या मोठ्या सरावात सुमारे ६० जहाजे आणि ७५ विमाने त्याच्या साहाय्याने एकमेकांशी जोडली गेली. पण उपग्रहही म्हातारे होतात. त्यांना जागेवर ठेवणारे इंधन संपत जाते. म्हणून त्याच्या जागी नव्याची तयारी आधीच करावी लागते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी 'जीसॅट-७आर' हा सुमारे ४,४०० किलोग्रॅम वजनाचा उपग्रह श्रीहरिकोटा येथून आपल्याच अग्निबाणाने वर गेला. दोन्ही उपग्रहांमध्ये बारा वर्षांचे अंतर आहे. मराठीत एक म्हण आहे, 'तहान लागल्यावर विहीर खणणे'. म्हणजे गरज अगदी गळ्याशी आल्यावर धावपळ करणे. युद्धनौकेच्या संचांना ही म्हण पुरेपूर लागू पडते. लढाईची वेळ आल्यावर निविदा काढून उपयोग नसतो.

हे सारे वाचून तुम्हाला वाटेल, किती हा खटाटोप! इतके कागद, इतक्या समित्या, इतका वेळ! ही तक्रार अगदीच खोटी नाही. खरेदीला कधी कधी इतकी वर्षे लागतात की संच हाती येईपर्यंत जुना होऊन जातो. उशीर हाही एक प्रकारचा तोटाच आहे. मग नियम गुंडाळून ठेवावेत का? तसे केले तर न तपासलेला संच जहाजावर चढण्याची भीती. म्हणून वेळ वाचवायचा तो परीक्षा टाळून नव्हे, तर गरज आधी ओळखून आणि ती पहिल्याच दिवशी नेमकी लिहून.

शेवटी दोन शब्दांकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्याकडच्या सरकारी निविदांच्या जाहिरातींत 'बयाणा रक्कम' आणि 'अनामत रक्कम' असे शब्द नेहमी आढळतात. निविदा भरणाऱ्याने आपण गंभीर आहोत हे दाखवण्यासाठी आधी जी रक्कम भरायची, ती बयाणा. काम नीट होईपर्यंत ठेव म्हणून जी रक्कम ठेवायची, ती अनामत. हे शब्द तुम्हाला परके वाटणार नाहीत. तुमच्या घरातल्या 'बैआना' आणि 'अमानत' या शब्दांचीच ही मराठी रूपे आहेत. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. नौदलाच्या खरेदीतला पैसा हा अशीच अमानत आहे. तो कर भरणाऱ्या सर्वांचा आहे. साबणाची वडी विकत घेताना तुम्हीही तो कर भरता. म्हणूनच भारताचे महालेखापरीक्षक अशा खरेदीचे हिशेब तपासतात आणि त्यांचा अहवाल संसदेपुढे ठेवला जातो.

पैशाहून मोठी अमानत म्हणजे माणसांचे प्राण. दिल्लीतल्या कचेरीत बसून जो अधिकारी गरजेचा कागद लिहितो, तो संच बहुधा स्वतः वापरणार नसतो. जो नौसैनिक वापरणार असतो, त्याला निवडीचा हक्क नसतो. वादळी रात्री, घरापासून हजारो किलोमीटर दूर, तो बटण दाबतो आणि पलीकडून आवाज येईल असा भरवसा ठेवतो. तो भरवसा खरा ठरवण्याचे काम कित्येक वर्षे आधी, कुणाच्या तरी टेबलावर, एका साध्या कागदावर सुरू झालेले असते.

मुंबईला गेलात आणि गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलात, तर नौदलाच्या गोदीत उभी असलेली जहाजे तुम्हाला लांबून दिसतील. त्यांच्या डोलकाठ्यांजवळ ते गोल घुमट शोधा. आत एक अँटेना आपला नेम सांभाळीत बसलेली असेल. तिला तिथवर आणण्यासाठी किती जणांनी किती प्रश्न विचारले असतील, हे आता तुम्हाला माहीत झाले आहे.